चारशे चौतीस गोलांचा धनी

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये आजवर सर्वांत अधिक गोल कोणी केले, असा प्रश्न चार जाणत्या शौकिनांना एकत्र बसवून विचारावा, आणि मग गंमत पाहावी. एक जण डिक्सी डीनचे नाव घेईल. दुसरा जिमी ग्रीव्ह्‌जचे, आणि वयाने तरुण असलेला तिसरा अॅलन शिअररचे नाव छातीठोकपणे सांगेल. चौथा बहुधा गप्प बसेल. चौघांपैकी खऱ्या उत्तराच्या जवळ तोच असण्याचा संभव अधिक. कारण ज्याचे नाव पटकन ओठांवर येत नाही, असा तो मनुष्य आहे. त्याचे नाव आर्थर राउली. लीगचे सामने ६१९, गोल ४३४. १९६५ साली त्याने बूट खुंटीला टांगले, त्याला साठ वर्षे उलटून गेली. तो आकडा अद्याप कोणालाही गाठता आलेला नाही.

मग हा गृहस्थ अप्रसिद्ध का? उत्तर सोपे आहे आणि थोडे कडूही आहे. या ४३४ गोलांतील फार मोठा भाग दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्गात केलेला आहे. आपल्याकडे तिसरा वर्ग म्हटला की रेल्वेचा लाकडी बाकांचा डबा डोळ्यांपुढे येत असे. इंग्लंडच्या फुटबॉलमधला तिसरा वर्ग त्याहून फारसा निराळा नव्हता. गाडी तीच, रूळ तेच, प्रवासही तितकाच लांबचा; फक्त स्टेशनावर हार घेऊन कोणी उभे नसते.

आर्थर राउलीचा जन्म २१ एप्रिल १९२६ रोजी वुल्व्हरहॅम्प्टन येथे झाला. लोखंडाच्या कारखान्यांचे आणि कुलपांचे हे गाव. थोरला भाऊ जॅक आधीच मँचेस्टर युनायटेडमध्ये नाव काढत होता. युद्धकाळात खेळाडू सैन्यात गेल्यामुळे संघांना माणसे मिळेनात, तेव्हा पंधरा वर्षांचा आर्थरही युनायटेडच्या पोषाखात मैदानावर उतरला. परंतु युद्धातील हे सामने लीगच्या हिशेबात धरले जात नाहीत. पुढे वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियन या संघाने त्याला करारात घेतले. तेथे २४ सामन्यांत त्याचे गोल झाले अवघे चार. १९४८ च्या डिसेंबरात अॅल्बियनने त्याची लंडनच्या फुलहॅम संघाशी अदलाबदल करून टाकली. एर्नी शेपर्ड नावाचा बाजूचा खेळाडू इकडे आला आणि राउली तिकडे गेला.

अॅल्बियनच्या चालकांना पुढे या व्यवहाराचा पश्चात्ताप झाला असेल, तर तो फार लवकर झाला असला पाहिजे. फुलहॅमसाठी उरलेल्या अर्ध्या हंगामात त्याने २२ सामन्यांत १९ गोल केले, आणि फुलहॅम दुसऱ्या वर्गात पहिला येऊन वर चढला. वरच्या वर्गात मात्र त्याचे हात, म्हणजे पाय, आखडल्यासारखे झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी एकंदर गोलांची जमा ३१. विक्रम करणाऱ्याचे हे आकडे नव्हेत.

१९५० च्या उन्हाळ्यात लेस्टर सिटीने सुमारे १४ हजार पौंड देऊन त्याला विकत घेतले. ‘विकत घेतले’ हा शब्दप्रयोग मी जाणूनबुजून करीत आहे. त्या वेळच्या नियमांप्रमाणे खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त बारा पौंड देता येत. त्याहून एक शिलिंग अधिक द्यावा म्हटले तरी देता येत नसे. १४ हजार पौंड एका संघाच्या तिजोरीतून दुसऱ्याच्या तिजोरीत गेले, आणि ज्याच्या पायांसाठी ते गेले त्याला सही करताना दहा पौंडांची दक्षिणा! शिवाय कराराची मुदत संपली तरी संघाने ‘राखून ठेवले’ म्हटले की खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. वतनदारीत कुळाची जी स्थिती, तीच जवळजवळ याची. कमाल वेतनाची ही मर्यादा हळूहळू चढत १९५८ साली वीस पौंडांवर आली आणि जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची धमकी दिल्यावर १९६१ च्या जानेवारीत ती एकदाची उठली. राखून ठेवण्याच्या पद्धतीला १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने तडा दिला. राउलीची भरतीची वर्षे या दोन्ही गोष्टींच्या आधीची.

लेस्टरमध्ये त्याची वाट पाहत कोणी बसले होते असे नाही. जॅक ली हा गावाचा लाडका आघाडीवीर डर्बीला विकला गेला होता आणि त्याच्या जागी हा जाडजूड, संथ दिसणारा माणूस आला होता. पहिल्या हंगामात त्याने २८ गोल केले, दुसऱ्यात ३८, तिसऱ्यात ३९. मग कुरकुर थांबली. प्रेक्षकांनी त्याला ‘गनर’, म्हणजे तोफखान्यावरचा गोलंदाज, असे नाव ठेवले. डाव्या पायाने तो चेंडू असा हाणी की गोलरक्षकाला हात वर करण्यास सवड मिळू नये. तो धावपटू नव्हता. चेंडूशी लडिवाळ खेळ करणारा कसबी कलावंतही नव्हता. परंतु चेंडू कोठे पडणार आहे हे त्याला इतरांच्या अर्धा क्षण आधी कळत असे, आणि तेथे तो उभा असे. ही विद्या शिकवून येत नाही. तशी ती मैदानाबाहेर बसलेल्यांच्या डोळ्यांत भरतही नाही. तिला वाहवा मिळत नाही, गोल मात्र मिळतात.

१९५३-५४ मध्ये लेस्टर आणि एव्हर्टन यांचे गुण सारखे झाले. केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनी भागून जी सरासरी येई, ती किंचित सरस ठरल्याने अजिंक्यपद लेस्टरकडे आले. त्या वर्षी राउलीचे गोल ३०. भागाकारात असा एकेक गोल कामी येतो! पहिल्या वर्गात गेल्यावर त्याने २३ गोल केले, पण संघ मात्र वर्षभरातच पुन्हा खाली घसरला. याच सुमारास एक नवलाची गोष्ट घडली. १९५५ च्या ऑक्टोबरात एकाच शनिवारी दोघा राउली बंधूंनी आपापला दोनशेवा लीग-गोल केला. धाकट्याने लेस्टरसाठी आणि थोरल्याने प्लिमथसाठी. नाटकात असा प्रसंग घातला तर नाटककाराला लोक हसतील.

१९५६-५७ चा हंगाम हा त्याच्या आयुष्यातला सुगीचा काळ. दुसऱ्या वर्गातील ४२ सामन्यांत त्याने ४४ गोल केले. संघाच्या १०९ गोलांपैकी ४४ एकट्याचे, आणि लेस्टर सात गुणांच्या फरकाने पहिला. इतके झाल्यावर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात त्याची निवड झाली असेल असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. ती झाली नाही. त्याला दुय्यम संघातून, ज्याला ‘ब’ संघ म्हणतात त्यातून, एकदा खेळवले आणि प्रकरण मिटवले. थोरल्या जॅकला सहा वेळा इंग्लंडची टोपी मिळाली. १९४८ च्या करंडकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूलविरुद्ध दोन गोल करून तो घराघरांत पोहोचला होता. जॅक मँचेस्टरला होता, हा लेस्टरला. निवड करणाऱ्या मंडळींची दृष्टी कोठवर पोचते हे आपल्या हैदराबादकरांना सांगावयास नको.

हैदराबादचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट आठवते. राउली लेस्टरला आला त्याच वर्षी, १९५० साली, आमच्या सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला, आणि १९५४ पर्यंत ओळीने पाच वेळा तो आपल्याकडे ठेवला. रहीमसाहेबांचे ते शिष्य खात्याच्या पगारावर खेळत. फुटबॉल हा त्यांचा पेशा नव्हता. नोकरी हा पेशा होता आणि फुटबॉल त्या नोकरीचे भूषण. उलट राउलीचा चरितार्थ केवळ पायांवर, म्हणून पाय चालतील तोवर कोठेही खेळणे त्याला भागच होते.

१९५८ साली वय झाले बत्तीस. लेस्टरने पहिल्या वर्गातली आपली जागा कशीबशी टिकवली होती, तरी राउलीचे गोल वीस होतेच. तरीसुद्धा सुमारे सात हजार पौंड घेऊन त्याला श्रूझबरी टाउनकडे सोडून देण्यात आले. तो तेथे खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी जबाबदारीवर गेला. श्रूझबरी हे सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेले जुने गाव, चार्ल्स डार्विनचे जन्मस्थान. फुटबॉल लीगमध्ये या गावाचा प्रवेश झाला तोही १९५० सालीच. आणि नेमक्या १९५८ साली तिसऱ्या वर्गाचे उत्तर आणि दक्षिण हे दोन विभाग मोडून वरच्या निम्म्या संघांचा तिसरा व खालच्या निम्म्यांचा चौथा असे वर्ग करण्यात आले. श्रूझबरी चौथ्यात पडले. पहिल्या वर्गातून एका उडीत चौथ्यात! पुष्कळांना हे अधःपतन वाटले असेल. माझ्या मते राउलीच्या कारकिर्दीतला सर्वांत चित्तवेधक भाग येथूनच सुरू होतो.

श्रूझबरीचे मैदान गे मेडो नदीला अगदी लागून होते. चेंडू भिंतीवरून गेला की सरळ सेव्हर्नमध्ये. तो परत आणण्यासाठी फ्रेड डेव्हिस नावाचा नावाडी आपली गोल होडी घेऊन नदीकाठी बसलेला असे. या होडीला तिकडे कोरॅकल म्हणतात. आनेगुंदीला तुंगभद्रा ओलांडलेल्या आपल्या वाचकांना तिचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. वेताच्या टोपलीसारख्या ज्या नावेत गिरक्या घेत आपण पैलतीराला लागतो, आणि कानडी बंधू जिला हरिगोलु म्हणतात, तिचीच ही विलायती बहीण. सामन्याचा निकाल कसाही लागो, डेव्हिसचे काम चुकत नसे, आणि चेंडूमागे चार पैसे त्याच्या पदरात पडत. मोठ्या संघाला असले चेंडू सोडून देणे परवडते. चौथ्या वर्गात एकेक चेंडूचा हिशेब ठेवावा लागतो.

अशा या मैदानावर राउलीने पहिल्याच हंगामात ३८ गोल केले. श्रूझबरीच्या इतिहासात एका लीग-हंगामातला तो उच्चांक आहे. संघ चौथा आला आणि तिसऱ्या वर्गात चढला. पुढच्या वर्षी ३२. व्यवस्थापक म्हणून संघ निवडायचा, खेळाडू आणायचे, सराव घ्यायचा, आणि शनिवारी स्वतःच आघाडीला उभे राहून गोलही करायचे. पंगतीला वाढणाऱ्यानेच चुलीपाशीही बसावे, त्यातला हा प्रकार. १९६०-६१ मध्ये लीग करंडकाची स्पर्धा नव्याने सुरू झाली, तेव्हा या चिमुकल्या संघाने पहिल्या वर्गातील एव्हर्टनला घरचा रस्ता दाखवला आणि उपान्त्य फेरी गाठली.

त्याच हंगामाच्या अखेरीस, २९ एप्रिल १९६१ रोजी, ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध त्याने आपला ३८० वा गोल केला. डिक्सी डीनचा ३७९ चा विक्रम मोडला. डीन म्हणजे एका हंगामात साठ गोल करणारा एव्हर्टनचा दैवत-पुरुष. तेव्हा ‘राउलीचे गोल खालच्या वर्गातले’ हा आक्षेप तत्काळ पुढे आला. आक्षेप खोटा नाही. ग्रीव्ह्‌जचे ३५७ गोल सगळेच्या सगळे पहिल्या वर्गातले आहेत, आणि सोन्याचा कस लावावयाचा तर ते अधिक बावनकशी म्हणावे लागतील. परंतु एक गोष्ट आक्षेपक विसरतात. डीनच्या खात्यातले पहिले २७ गोलही ट्रॅनमिअरसाठी तिसऱ्या वर्गातच झालेले होते; ते कोणी वजा करीत नाही. आणि चौथ्या वर्गात गोलाची जाळी काही रुंद नसते. उलट तेथे मैदाने चिखलाची, बचाव करणारे आडदांड, आणि आपल्याच बाजूने नेमका चेंडू आणून देणारा कसबी गडी दुर्मीळ. अशा ठिकाणी वयाच्या पस्तिशीपुढेही हंगामाला वीस-पंचवीस गोल काढायचे म्हणजे काय, याचा विचार करावा. १९५०-५१ पासून १९६२-६३ पर्यंत सलग तेरा हंगामांत त्याचे गोल विसाच्या खाली कधी गेले नाहीत. त्या तेरा वर्षांत त्याने वर्ग पाहिले चार, आणि चारही वर्गांतल्या गोलरक्षकांना त्याने सारखेच वागवले.

शेवटी पाय जड झाले. १९६३-६४ मध्ये पाच गोल, त्यापुढील वर्षी दोन. व्यवस्थापक राउलीने खेळाडू राउलीला विश्रांती द्यावयास सुरुवात केली होती. श्रूझबरीसाठी एकंदर १५२, लेस्टरसाठी २५१. ते गाव त्याने १९६८ साली सोडले, शेफील्ड युनायटेडला एक वर्ष काढले, आणि मग साउथएंडला जाऊन १९७२ साली त्या संघाला चौथ्या वर्गातून तिसऱ्यात नेले. चौथ्या वर्गातून वर येण्याची वाट त्याच्या पायाखालची होती! १९७६ मध्ये तेथूनही तो बाहेर पडला. १९ डिसेंबर २००२ रोजी त्याचे निधन झाले, वय शहात्तर. वृत्तपत्रांतून मृत्युलेख आले, आणि पुष्कळ तरुण वाचकांना हा विक्रम कोणाच्या नावावर आहे ते त्या दिवशी प्रथमच कळले असणार.

गे मेडोवरचा लीग फुटबॉल २००७ साली थांबला. संघ गावाबाहेरच्या नव्या मैदानावर गेला, जेथून चेंडू नदीत जात नाही. लेस्टरमध्ये मात्र त्याचे नाव अलीकडे पुन्हा घेतले गेले. मे २०२५ मध्ये जेमी व्हार्डीने लेस्टरसाठी आपल्या पाचशेव्या आणि अखेरच्या सामन्यात दोनशेवा गोल केला. हा व्हार्डीही स्टॉक्सब्रिज, हॅलिफॅक्स, फ्लीटवुड अशा लीगबाहेरच्या मैदानांवरून वर आलेला. २०१६ साली लेस्टर साऱ्या इंग्लंडात अजिंक्य झाले ते त्याच्याच गोलांच्या जोरावर. दोनशेच्या आकड्याबरोबर वर्तमानपत्रांनी लेस्टरची जुनी यादी छापली. सर्व स्पर्धा धरून आर्थर चँडलर २७३, आर्थर राउली २६५, आणि मग तिसऱ्या ओळीत व्हार्डी.