तोट्यातला फुटबॉल क्लब कर वाचवतो का?

श्रीमंत लोक कर वाचवण्यासाठीच तोट्यातले क्लब पोसतात, असा सर्रास समज आहे. भारतात तो फारसा टिकत नाही.

नंदुरबारच्या एखाद्या मिरची व्यापाऱ्याचा स्वतःच्या नावावर दुसराही धंदा असेल, तर त्यातला तोटा मिरचीच्या नफ्यातून वजा होतो. पण दुसऱ्या धंद्यासाठी त्याने वेगळी खासगी कंपनी काढली, तर तोटा त्या कंपनीचाच राहतो. समूहातल्या कंपन्यांचा एकत्रित हिशेब आपला आयकर कायदा मान्य करत नाही. मुंबई सिटी एफसीसारखे क्लब स्वतंत्र कंपन्यांच्या नावे चालतात. असा तोटा 8 वर्षे पुढे ओढता येतो, पण क्लबला नफा झाला तरच त्याचा उपयोग. त्यातही मालकी बदलून जुन्या भागधारकांकडे 51 टक्के मताधिकार उरला नाही, तर साधारणपणे तोही हक्क जातो.

2010 मध्ये बंद झालेल्या महिंद्रा युनायटेडसारखा कंपनीचाच संघ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे संघाचा खर्च जाहिरातीसारखा नफ्यातून वजा होऊ शकतो. तरीही 25 टक्के कर धरला, तर 10 कोटींच्या खर्चावर अडीच कोटी वाचतात. साडेसात कोटी खिशातूनच जातात.

मालकांना खरा लाभ मिळतो तो नाव, ओळखी आणि पुढे हिस्सा चढ्या भावाने विकण्याची संधी यांतून. सातपुड्यातल्या मुलांच्या फुटबॉल प्रशिक्षणावर कंपन्यांना सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, खर्च करता येतो, पण तो व्यवसायखर्च म्हणून वजा होत नाही. माझ्या मते, सवलत द्यायचीच तर ती इथे द्यावी.