‘कुमारी’ शब्दाची अर्थव्याप्ती

प्रचलित मराठी बायबलात यशया ७:१४ आणि मत्तय १:२३ या दोन्ही स्थळी ‘कुमारी’ हा एकच शब्द आढळतो. मुळात मात्र शब्द दोन आहेत. यशयाचा हिब्रू ‘अल्मा’ हा मुख्यतः विवाहयोग्य तरुणीचा वाचक होय. इसवी सनापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात त्याच्या जागी ‘पार्थेनोस’ आला. त्यात कौमार्याचा अर्थ प्रधान असून मत्तयाने तोच शब्द मरियेस लाविला. संस्कृतातून आलेल्या ‘कुमारी’त वय व कौमार्य हे दोन्ही अर्थ एकवटल्यामुळे मराठी वाचकास हे अर्थांतर जाणवत नाही. तथापि केवळ या अर्थांतरातून कुमारीजन्माची श्रद्धा उपजली, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. कारण लूक (१:२६-३८) यशयाचे वचन उद्धृत न करिताच तीच श्रद्धा सांगतो. सबब शब्दाचा इतिहास आणि श्रद्धेचा इतिहास येथे पृथक् तपासणे अवश्य आहे.