जुन्या घड्याळाचे वय कसे ओळखावे?

यवतमाळ-अमरावती रस्त्यावरील नेरसारख्या तालुक्याच्या गावी जुने कपाट आवरताना आजोबांचे मनगटी घड्याळ हाती लागावे, यात नवल नाही. मात्र त्याच्या किल्लीच्या वर आणि खाली एकेक बटण असेल व मुख्य तबकडीत छोटी तबकडी असेल, तर ते ‘क्रोनोग्राफ’ असण्याची शक्यता असते. वेळ दाखवतानाच शर्यतीचे किंवा प्रयोगाचे सेकंद मोजण्याची सोय असलेले हे घड्याळ. अशा जुन्या घड्याळांना जगभर संग्राहक आहेत. त्यामुळे ते कोणत्या काळातले व कितपत अस्सल, हा प्रश्न भावनेइतकाच पैशांचाही ठरतो.

घरच्यांची पहिली चूक येथेच होते. काळवंडलेली तबकडी घड्याळजीकडून नव्याने रंगवून घेतली जाते. घड्याळ चकाकते, पण त्याच्या वयाचा एक महत्त्वाचा पुरावा कायमचा पुसला जातो. अशा रंगवलेल्या घड्याळांना संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ असे नावच पडले आहे. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात परदेशी घड्याळांचे सुटे भाग सहज मिळत नसत. तेव्हा घड्याळ चालू ठेवण्यासाठी कारागिरांनी वापरलेले हे कसब पुढे विक्रीचा धंदा बनले. म्हणूनच तबकडीवरील नावावर विसंबून राहता येत नाही.

वय ठरवताना आधी रचना पाहावी. ‘ब्राइटलिंग’ने दुसऱ्या बटणाचे पेटंट घेतले ते १९३४ मध्ये. त्यामुळे दोन बटणांचे मनगटी घड्याळ त्यापूर्वीचे असल्याचा दावा संशयास्पद ठरतो. हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे क्रोनोग्राफ बाजारात आले १९६९ मध्ये. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेला क्रोनोग्राफ कोणी १९५० च्या दशकातील म्हणून विकत असेल, तर तेथेच थांबावे.

त्याच १९६९ मधील जपानी ‘सेको ६१३९’ हे शिकण्यास सोपे उदाहरण. त्याच्या मागील झाकणावर सहा आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो, दुसरा महिना. आरंभी १ व ५ असल्यास मे १९७१. हे यंत्र १९७० च्या दशकाअखेरपर्यंतच बनत असल्याने १९८१ चा घोळ होत नाही. पण झाकण बदलता येते. म्हणून ते तबकडीशी ताडून पाहावे. सुरुवातीच्या तबकड्यांवर पाण्यासंबंधी ‘प्रूफ’ हा शब्द असे, साधारण १९७० नंतर ‘रेझिस्ट’ आला. झाकण १९७५ चे आणि तबकडी ‘प्रूफ’ची, असे दिसल्यास दोन घड्याळांचे एक झाले आहे असे समजावे.

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला ‘रेडियम’ म्हणतात. घड्याळांत मात्र १९६० च्या दशकापर्यंत खरोखरच रेडियम वापरले जाई. त्यानंतर ट्रिटियम आले. स्विस तबकडीच्या तळाशी ‘टी’ हे अक्षर त्याची खूण. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे. लेप चमकायचा थांबला, तरी किरणोत्सर्ग संपत नाही. म्हणून असे काटे किंवा तबकडी घरी खरवडू नये. ती धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते.

शेवटी भिंग घ्यावे. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेषा वाकड्या, तबकडी कोरी आणि काटे मात्र गंजलेले, ही रंगकामाची लक्षणे होत. खालचे बटण दाबल्यावर सेकंदमापक काटा नेमका बारावर यायला हवा. छोट्या तबकडीचा काटा नुसताच चिकटवलेला नाही ना, हेही पाहावे. विश्वासू घड्याळजीकडून झाकण उघडून यंत्रावरील खुणांचे छायाचित्र घ्यावे. लॉन्जिन्ससारख्या काही स्विस कंपन्या अनुक्रमांकावरून जुन्या नोंदींचा उतारा देतात. त्याचाही आधार घेता येतो.

एकच खूण निर्णायक नसते. तबकडी, काटे, झाकण आणि यंत्र यांनी एकाच काळाची साक्ष द्यायला हवी. तोवर आजोबांच्या घड्याळाला पॉलिश करू नये. त्यावरचे डागही त्या साक्षीचाच भाग असतात.