सोलिगांचा अनुभव अभ्यासकांनी मानला. जंगलाचा कारभार मात्र दूरच

बंगळुरू : बंगळुरूची पर्यावरण चळवळ म्हटली की तलाव वाचवण्यासाठी धडपडणारे रहिवासी आणि 2016 मध्ये पोलादी उड्डाणपुलाविरोधात उभी राहिलेली मानवी साखळी आठवते. ही चळवळ प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गाची. मात्र येथून सुमारे 180 किलोमीटरवरील बिळिगिरी रंगनाथस्वामी टेकड्यांतील सोलिगा आदिवासींनी तिच्यापुढे वेगळाच प्रश्न ठेवला आहे : जंगल राखण्याचे ज्ञान नेमके कोणाचे मानायचे?

सोलिगा पूर्वी दरवर्षी उन्हाळ्याआधी जंगलातील पालापाचोळा पेटवत. 'तरगु बेंकी' या नावाने ओळखली जाणारी ही आग जमिनीलगत झरझर सरकत जाई आणि मोठ्या झाडांना धक्का न लावता विझे. 1974 मध्ये अभयारण्य जाहीर झाले, अनेक 'पोडू' म्हणजे वस्त्या आतून हलवल्या गेल्या आणि आगीवर बंदी आली. त्यानंतर घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली, असे सोलिगा सांगत राहिले. वनखात्याच्या लेखी मात्र आग म्हणजे केवळ नासधूस होती.

बंगळुरूतील 'एट्री' या संशोधन संस्थेने हे म्हणणे नोंदवून तपासले. 1997 मध्ये पाहणीच्या 41 टक्के भूखंडांत असलेली घाणेरी 2008 मध्ये 81 टक्के भूखंडांत आढळली. अर्थात, आता काडी लावली की प्रश्न सुटेल असेही नाही. घाणेरीची जुनी जाळी झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढली असून, त्यात पेटलेली आग पूर्वीसारखी जमिनीवर राहत नाही. बंदीची ही किंमत फारशी कोणी मोजलेली नाही.

संस्थेने सोलिगांसह देवस्थाने, दफनभूमी, झरे अशी शेकडो पवित्र स्थळे नकाशावर आणली. हे काम पुढे हक्काच्या दाव्यांना उपयोगी पडले. पीएचडी मिळवणारे पहिले सोलिगा सी. मादेगौडा याच संस्थेत संशोधक आहेत. 2022 मध्ये येथे सापडलेल्या परजीवी गांधीलमाशीच्या नव्या प्रजातीला 'सोलिगा' हे नाव देण्यात आले.

सन्मान मिळाला, अधिकाराचे गणित मात्र अवघड आहे. जानेवारी 2011 मध्ये येथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोलिगांच्या ग्रामसभांना वन हक्क कायदा, 2006 नुसार सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मान्य होण्याची ही देशातील पहिलीच वेळ होती. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर असा हक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. परंतु ते जंगल व्याघ्र प्रकल्पात नाही. बिळिगिरीत मध, आवळा गोळा करता येतो. आग, घाणेरी, रोपवन यांविषयीचे निर्णय वनखातेच घेते.

त्यातच राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जून 2024 मध्ये राज्यांना पत्र पाठवून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांतील 591 गावांच्या पुनर्वसनाला प्राधान्य देण्यास सांगितले. या गावांत 64,801 कुटुंबे राहतात. कायद्यानुसार अशा स्थलांतरापूर्वी हक्क निश्चितीची प्रक्रिया पूर्ण झालेली असावी लागते, सहजीवन शक्य नसल्याचे राज्य सरकारला ठरवावे लागते आणि ग्रामसभेची लेखी संमतीही घ्यावी लागते.