वाळलेले झाड तोडण्यासही परवानगी हवीच

फुलंब्री, प्रतिनिधी - झाड मेलेले, जागा स्वतःची, मग ते तोडायला कोणाला कशाला विचारायचे, असा समज सर्रास आढळतो. कायद्याचे म्हणणे मात्र वेगळे आहे.

फुलंब्री नगरपंचायतीच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. त्यानुसार खासगी जागेतील झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. वाळलेल्या झाडाला या अर्जातून सूट नाही. मालकाला दिलासा आहे तो पुढच्या टप्प्यावर. झाड मृत, रोगग्रस्त किंवा वाऱ्याने पडलेले आहे, असे वृक्ष प्राधिकरणाचे मत झाल्यास परवानगी नाकारता येत नाही. थोडक्यात, मेलेले झाड काढण्याची मुभा मालकाला आहे. ते मेले आहे, हे ठरविण्याची नाही.

हा भेद निरर्थक नाही. मराठवाड्यात पानगळीनंतर अनेक झाडे आठवडेच्या आठवडे निष्पर्ण उभी असतात. नखाने साल खरवडली असता आत हिरवा थर दिसला, तर ते झाड जिवंत आहे. शिवाय प्लॉटवर अडचणीचे ठरणारे झाड बुंध्याची साल काढून किंवा खोडात रसायन भरून मुद्दाम वाळविण्याचे प्रकारही होतात. कायद्यात झाड 'तोडणे' या शब्दात जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही समावेश आहे. त्यामुळे आधी मारायचे आणि मग मेले म्हणून अर्ज करायचा, ही पळवाट कायद्याला मान्य नाही. विनापरवाना तोडलेले प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो.

अर्जात झाडाची जात, ठिकाण व तोडण्याचे कारण नमूद करावे. छायाचित्रे जोडल्यास उत्तम. अधिकारी प्रत्यक्ष पाहणी करतो. झाडावर व वृत्तपत्रात जाहीर सूचना दिली जाते. निर्णयासाठी कायद्याने ६० दिवसांची मुदत ठेवली आहे. बदल्यात नवे झाड लावण्याची अटही घातली जाते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्यापुढील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, तेव्हा जुन्या वडा-पिंपळाबाबत विशेष सावध राहावे.

वळवाच्या पावसात डोक्यावर कोसळू पाहणाऱ्या खोडासाठी मात्र ६० दिवस फार झाले. म्हणून अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करणे शहाणपणाचे. धोकादायक झाड शेजाऱ्याचे असेल आणि तो दाद देत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. पडून इजा होण्याचा संभव असलेले झाड हटविण्याचा वा त्याला आधार देण्याचा आदेश ते मालकाला देऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती.

नगरपंचायतीची हद्द ओलांडून तालुक्यातील गावांत गेले की कायदा बदलतो. तेथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू असून तो अनुसूचीतील ठराविक जातींपुरताच आहे. आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ त्यात आहेत. कडुनिंब आणि बाभूळ नाहीत. त्यामुळे वाळलेल्या कडुनिंबासाठी फुलंब्री शहरात अर्ज लागतो, तर शेजारच्या गावातील शेतकऱ्याला या कायद्याखाली तो लागत नाही. आपले शेत किंवा प्लॉट नेमका कोणत्या हद्दीत येतो, याची खातरजमा तहसील कार्यालयात करून घ्यावी.