अर्जाची पोच घ्या

मुख्याध्यापकांसमोर बसून ‘माझ्या मुलाला जरा समजून घ्या’ एवढंच म्हटलं, तर सहानुभूती मिळते आणि वर्गात काहीच बदलत नाही. ‘त्याला घंटेपासून लांब, पलीकडच्या भिंतीला बसवा’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी बाक हलतो. स्वमग्न मुलाची आई म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या शाळेत मी हेच शिकले.

आमच्या शाळेची इलेक्ट्रिक घंटा वर्गाच्या दाराशेजारीच आहे. मुलाला घड्याळ नीट कळतं. तासिका संपायला दोन मिनिटं उरली की तो वही मिटून दोन्ही कान दाबून धरायचा. बाईंना वाटायचं, शिकवणं ऐकायचं नाही म्हणून हा मुद्दाम करतो. जागा बदलली तसे कानांवरचे हात बऱ्याच वेळा खाली आले. पुढची तासिका कोणती, याची चित्रं आता फळ्याच्या कोपऱ्यात लावलेली असतात. खेळाचे सर आले नाहीत, तर बाई आधी ते चित्र काढतात, मग वर्गाला सांगतात. पूर्वी अशा दिवशी तो जमिनीवर आडवा पडून रडायचा. परिपाठाला तो रांगेच्या टोकाला, स्पीकरपासून दूर उभा राहतो. घटक चाचणीत जे लिहिता येत नाही, ते बाई तोंडी विचारतात. पाढे त्याला तोंडपाठ आहेत. अडतं ते लिहिण्यात.

हे सगळं एका पानाच्या अर्जातून झालं. काय अडतंय, वर्गात काय करायचं, कोण करणार, पुन्हा कधी बसायचं, एवढंच त्यात होतं. सोबत तपासणीचे कागद जोडले. आपल्याकडे स्वमग्नतेचं प्रमाण ठरवायला ४० मुद्द्यांची ‘इसा’ ही भारतीय मापनपट्टी वापरतात. त्या अहवालातलं ‘आवाजाची अतिसंवेदनशीलता’ बाईंना वाचून कळत नाही, घंटेचं उदाहरण दिलं की लगेच कळतं.

कायदाही माहीत हवा. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आलं. त्याचं कलम १६ शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांना लागू होतं. भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय, दोन्ही त्यात आहे. मोफत शिक्षणाच्या कलम ३१ला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, कलम १६ला ती अट नाही. म्हणून ‘प्रमाणपत्र आणा, मग बघू’ हे उत्तर मान्य करू नका.

सर्वांत जास्त बोचतं ते ‘तुम्हीच वर्गात बसा, नाहीतर शॅडो टीचर ठेवा’ हे वाक्य. किती आयांनी त्यापायी नोकरी सोडली असेल! विशेष शिक्षक पुरवणं हे व्यवस्थेचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकसाठी पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. ते प्रत्यक्षात येईपर्यंत समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक आपल्या शाळेला भेट देतात का, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा.

एकटीने भांडू नका. आपल्या शहरात अंबिका टाकळकर यांनी ‘आरंभ’ हे ऑटिझम केंद्र उभं केलं. त्या स्वतः स्वमग्न मुलाच्या आई आहेत. अशा ठिकाणी दुसऱ्या पालकाचा अर्ज वाचायला मिळाला, तर आपला लिहिणं सोपं जातं.

शाळेने दाद दिली नाही, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. तिथे तोंडी आश्वासन चालत नाही, कागद लागतो. जूनमध्ये वर्ग बदलतो, बाई बदलतात, सगळं पुन्हा सांगावं लागतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात भेट मागा, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का पडल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.