पर्वती चढणारे आजोबा आणि मेंदूतला समुद्रघोडा

भल्या पहाटे पुण्यातील पर्वतीवर गेलात, तर पायऱ्या चढणारे कितीतरी आजी-आजोबा तुम्हाला दिसतील. अशा व्यायामाने पाय आणि हृदय बळकट होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण स्मरणशक्तीलाही त्याचा फायदा होतो का?

आधी मेंदूचा हिशेब पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच. परंतु आपण स्वस्थ बसलेले असताना शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. विजेच्या भाषेत ही शक्ती सुमारे २० वॅट भरते. हा ऑक्सिजन रक्तातून येतो आणि रक्त फिरवणारा पंप म्हणजे हृदय. म्हणून हृदयाची प्रकृती ही मेंदूचीही बाब आहे.

मेंदूत दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एकेक लहान भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. नव्या आठवणी तयार करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. उतारवयात तो दरवर्षी साधारण १ ते २ टक्क्यांनी आक्रसतो.

हे आक्रसणे थांबवता येईल का? अमेरिकेतील संशोधकांनी ५५ ते ८० वर्षे वयाच्या १२० जणांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटे झपझप चालला. दुसऱ्याने शरीर ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षभरानंतर एम.आर.आय. यंत्राने मोजमाप झाले. दुसऱ्या गटातील हिप्पोकॅम्पस सुमारे १.४ टक्क्यांनी घटला होता. चालणाऱ्यांचा मात्र सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता! हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

मग प्रश्न सुटला का? घाई नको. स्मरणाच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत अशी वाढ आढळलेली नाही. तेव्हा चालणे हे विस्मरणावरचे हमखास औषध नव्हे. तरीही स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जे उपाय सुचवले, त्यांत शारीरिक हालचालीचा समावेश आहे.

व्यायाम पुरेसा होतो आहे, हे कसे ओळखावे? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये! उद्या आजोबांबरोबर चाला आणि ही कसोटी लावून पाहा. मात्र त्यांना हृदयाचा किंवा गुडघ्यांचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.